शिक्षा शिवाजीनगरला, अपील मुंबईला: पुण्याला खंडपीठ का नको?

पेठकर: 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिकडे गेले, पुणे मुंबईलाच चिकटलेलं. 1978 साली विधिमंडळाने ठराव केला त्यात औरंगाबादच्या जोडीला पुण्याचंही नाव होतं. त्यांना खंडपीठ मिळालं, आम्ही डेक्कन क्वीन पकडतोय! मावसभावाला पुण्याच्या शिवाजीनगर सेशन्स कोर्टाने दहा वर्षं दिली, सध्या येरवड्यात आहे. मावशी अपिलाच्या दर तारखेला मुंबईत फोर्टला हायकोर्टात जाते, बोर्डावर (त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत) नंबर लागत नाही, संध्याकाळी परत.

काळा कोट: मावशींना सांगा, जाऊ नका. अपिलात घरच्यांची हजेरी लागत नाही. कैद्यालाही जागचं हलावं लागत नाही: अर्ज तुरुंग अधीक्षकाकडे द्यायचा, तो कोर्टाकडे धाडतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम 383, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम 424. मुदत हायकोर्टासाठी 60 दिवस. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. निकालाची नक्कलही फुकट, 1978 च्याच होसकोट खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे बजावलंय. एवढ्यासाठी इमारत कशाला बांधायची?

खडकीची सून: साहेब, हे सगळं भिंतीवरच्या फलकावर छान दिसतं. माझ्या दिराला मोफत वकील मिळाले होते, मुंबईचे. अपील चालेपर्यंत एकदाही येरवड्याला आले नाहीत. साक्षीत कुठे खोट आहे ते दिराला पाठ, पण सांगणार कुणाला? मुलाखतीच्या वेळी तो आम्हाला सांगायचा, आम्ही मुंबईला निरोप न्यायचो. वकील शिवाजीनगरचा असता तर दुपारी जाऊन आला असता. मावशी उगाच जात नाहीत हो.

काळा कोट: मग तक्रार वकिलाची आहे, जागेची नाही. आळशी वकील पुण्यातही ढिगाने सापडतील.

जुना कारकून: दोघांचंही एक चुकतंय. अपील कुठे जाणार हे माणूस कुठल्या तुरुंगात आहे त्यावर ठरत नाही, शिक्षा कुठल्या कोर्टाने दिली त्यावर ठरतं. येरवड्यातल्या एकाच बराकीत सोलापूरच्या सेशन्सने शिक्षा दिलेला कोल्हापूरला अपील करणार, लातूरचा औरंगाबादला, पुण्याचा मुंबईला. मॅजिस्ट्रेटने दिलेली शिक्षा असेल तर अपील 30 दिवसांत सेशन्सलाच, म्हणजे पुणेकराला आत्ताही शिवाजीनगर पुरतं. संचित रजा (कैद्याला तुरुंगातून मिळणारी सुट्टी) नाकारली तर ती हायकोर्टातली रिट याचिका, त्याचा अपिलाशी संबंध नाही. तेव्हा पुण्याला बेंच म्हणजे येरवड्याची सोय, हे गणित अर्धंच आहे. आणि खरा वेळ खातं ते खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वर पोचणं आणि पेपरबुक (अपिलासाठीचा कागदपत्रांचा संच) तयार होणं. त्यात मुंबई काय नि पुणे काय.

पेठकर: बराकीचं माहीत नव्हतं, मान्य. पण मावसभाऊ पुण्याच्याच कोर्टाचा आहे, त्याचं अर्धं गणित तरी सोडवा की. आणि पेपरबुकला वर्षं लागणार असतील तर तोवर त्याने काय करायचं?

जुना कारकून: शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडा, असा अर्ज अपिलातच करता येतो. तो टाकलाय का?

पेठकर: मावशीला विचारलं. ती म्हणते, वकील म्हणाले ‘बघू’.

खडकीची सून: आमचेही हेच म्हणायचे.

जुना कारकून: बघू नव्हे, अर्जाचा नंबर मागा. नंबर नसेल तर अर्ज नाही.

पेठकर: शुक्रवारी मुलाखत आहे, त्यालाच विचारतो सही घेतली होती का ते.