चौकात मिग-21 उभं करायचं आहे : रस्ता, वजन, पाया?

चौथरा_चर्चा: नगरपालिकेला निवृत्त मिग-21 लढाऊ विमान मिळण्याची शक्यता आहे. इंजिन काढलेलं असेल. वाहतूक आणि पाया यांत नेमकं काय चुकतं?

डेल्टापंख: पंखांचा पसारा 7.15 मीटर, म्हणजे पंख सुटे करूनच न्या. उंची चाकांवर 4.1 मीटर; ट्रेलरवर चढवलं की वीजतारांना भिडते. इंजिन काढण्यासाठी धडाचा मागचा भाग मुळातच सुटा होतो, तेव्हा शेपूट वेगळ्या गाडीवर टाका. क्रेनवाल्याला आधी सांगा : इंजिनाचं टनभर वजन गेल्यामुळे गुरुत्वमध्य पुढे सरकलेला असतो. जुन्या खुणांवर पट्टे बांधले की नाक खाली जातं.

गंजशत्रू: त्याआधी इजेक्शन सीट (वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) आणि कॅनॉपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) स्फोटक काडतुसं काढल्याचा लेखी दाखला घ्या. तो नसेल तर कॉकपिटला हातही लावू नका. जुन्या डायलवर रेडियमचा किरणोत्सर्गी रंग असू शकतो. काच फोडू नका, घासू नका.

चौथरा_चर्चा: आणि पावसाळ्यात?

गंजशत्रू: खरी वाट तिथेच लागते. हवेचं तोंड आणि मागची नळी जाळीने बंद करा, नाहीतर कबुतरं घुसतात आणि त्यांची विष्ठा ॲल्युमिनियम खाते. पोटाखालची निचऱ्याची भोकं मात्र उघडीच हवीत. रंगारी हमखास बुजवतात. भार टायरवर नको, जॅक लावायच्या ठिकाणांवर पोलादी आधार द्या. पोलाद-ॲल्युमिनियममध्ये निओप्रीनची (कृत्रिम रबराची) चकती घाला.

डेल्टापंख: रंगाची तरतूद दर चार-पाच वर्षांनी. ती नसेल तर विमान मागूच नका.