मदत हवी आहे: आईच्या गुडघ्याची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करावी की नाही? शुक्रवारची तारीख मिळाली आहे

मखमलाबादकर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. आईच्या उजव्या गुडघ्यातील गादी (मेनिस्कस) फाटल्याचे एमआरआयमध्ये आले आहे. नाशिकमधील एका रुग्णालयात दाखवले असता तेथील अस्थिरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया सुचवली असून शुक्रवारची तारीखही दिली आहे. दोन लहान छिद्रे असतात, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात आणि आठवडाभरात माणूस चालू लागतो, असे सांगण्यात आले. विम्याची पूर्वमंजुरी आली आहे, मी रजाही टाकली आहे. मात्र काल मेव्हण्यांनी फोनवर सांगितले की परदेशात ही शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरली आहे, आणि तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. बुधवारी संध्याकाळपर्यंत रुग्णालयाला होकार कळवायचा आहे. करावी की करू नये, एवढेच कृपया सांगावे. गुडघेदुखीवरील सर्वसाधारण माहिती मी पुष्कळ वाचली आहे.

मुंबई_नाका | सोमवार, रात्री १०.०५

आपल्या मेव्हण्यांचे म्हणणे निराधार नाही. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे मोझली आणि सहकाऱ्यांनी झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांवर चाचणी केली. त्यातील काहींच्या गुडघ्यावर फक्त त्वचेला छेद देऊन शस्त्रक्रियेचा देखावा केला होता, आणि दोन वर्षे पाठपुरावा करूनही खरी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्यांच्यापेक्षा बरे असल्याचे दिसले नाही. हे झाले झिजेचे. फाटलेल्या गादीचे काय, या प्रश्नाचे उत्तर २०१३ साली फिनलंडमधून आले. तेथे ३५ ते ६५ वयाच्या, गादी फाटलेल्या पण सांधा न झिजलेल्या १४६ रुग्णांपैकी निम्म्यांची गादी दुर्बिणीतून कापून गुळगुळीत केली आणि उरलेल्यांवर देखाव्याची शस्त्रक्रिया केली. वर्षअखेरीस दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले होते. पाच वर्षांनंतर पाहिले तेव्हा गादी कापलेल्यांच्या एक्स-रेमध्ये झीज किंचित अधिक आढळली. या सर्व पुराव्यावरून २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञमंडळाने गुडघ्याच्या झिजेच्या आजारात, गादी फाटलेली असली तरीही, दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस प्रसिद्ध केली. माझे मत विचाराल तर नकार कळवा.

सातपूर_कबड्डी | सोमवार, रात्री १०.३०

असा सरसकट सल्ला देऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकोणतिसाव्या वर्षी पकड करताना माझा गुडघा पिळला गेला आणि वाकलेल्या अवस्थेतच अडकला. दोन दिवस तो सरळ झाला नाही. कंपनीच्या गेटपासून रिक्षापर्यंत मला दोघांनी उचलून नेले होते. गादीचा मोठा तुकडा उलटून सांध्यात अडकला होता. दुर्बिणीतून तो जागेवर बसवून टाके घातले, आणि आज मी अंबडला पाळीत उभा राहून काम करतो. ज्यांनी माणूस तपासला आहे त्या डॉक्टरांवर विश्वास ठेवावा.

मुंबई_नाका | सोमवार, रात्री १०.४५

गुडघा अडकून सरळच होत नसेल तर शस्त्रक्रिया लागते, याबद्दल कोणाचाच वाद नाही, आणि असे रुग्ण फिनलंडच्या चाचणीत घेतलेलेच नव्हते. त्यामुळे आपला अनुभव खरा असला तरी तो आईंना लागू होईलच असे नाही.

सातपूर_कबड्डी | सोमवार, रात्री १०.५२

मग आपण मांडलेले आकडे तरी त्यांना लागू होतात हे आपण कशावरून ठरवले? धागाकर्त्याने वयसुद्धा लिहिलेले नाही.

फिजिओ_इंदिरानगर | मंगळवार, सकाळी ७.१५

वरील प्रश्न अगदी योग्य आहे. मखमलाबादकर, आईंचे वय किती? दुखणे हळूहळू वाढले की एखाद्या विशिष्ट क्षणी सुरू झाले? गुडघा पूर्ण सरळ होतो का? उभे राहून काढलेला एक्स-रे आहे का? व्यायामाचे उपचार किती आठवडे केले? ही माहिती नसताना हो किंवा नाही म्हणणे हा अंदाज ठरेल.

मी स्वतः व्यायामोपचार करते, त्यामुळे माझा कल उघड आहे. तरीही सांगते की २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या चाचणीत ४५ ते ७० वयाच्या ३२१ रुग्णांपैकी एका गटाला आठ आठवड्यांत सोळा वेळा देखरेखीखाली व्यायाम दिला होता, आणि दोन वर्षांनंतर त्यांची स्थिती शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा उणी नव्हती. त्याच वेळी हेही सांगायला हवे की त्या व्यायामगटातील २९ टक्के रुग्णांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतलीच. म्हणजे आधी व्यायाम केल्याने शस्त्रक्रियेचा मार्ग बंद होत नाही. येथे मात्र तो मार्ग कोणालाही न विचारता आधीच धरलेला दिसतो.

पंचवटी_७० | मंगळवार, सकाळी ८.००

माझ्या पत्नीला जानुबस्तीचा उत्तम गुण आला. कणकेचे पाळे गुडघ्यावर बसवून त्यात कोमट तेल अर्धा तास धरतात. सात दिवसांत ती रामकुंडापर्यंत चालत जाऊ लागली. कापाकापीपूर्वी आपण हा उपाय करून पाहावा, असे वडीलकीच्या नात्याने सुचवतो.

मखमलाबादकर | मंगळवार, सकाळी ९.२०

सर्वांचे आभार, पण मी एक साधा प्रश्न विचारला होता. आईचे वय ५६ आहे. दुखणे वयामुळेच आहे, पडलेली वगैरे नाही. गुडघा सरळ होतो. एक्स-रे झोपवून काढला होता. व्यायाम कोणी सांगितला नाही. काका, तेलाने शेकणे घरी सुरू आहे, तात्पुरता आराम पडतो.

दिंडोरी_रोड | मंगळवार, सकाळी ९.४५

मी एमआरआय केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करते. निदान करणे माझे काम नाही, परंतु दिवसभर हे अहवाल डोळ्यांखालून जातात, म्हणून एक विनंती करते. अहवालाच्या शेवटी निष्कर्ष म्हणून जी दोन-तीन वाक्ये असतात ती जशीच्या तशी येथे लिहा. 'गादी फाटली' या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे आजार मावतात. शिवाय फाटलेली गादी हे दुखण्याचे कारण असतेच असेही नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढले असता, ज्यांची गादी फाटलेली होती त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास झालेला नव्हता. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले आहेत.

ओझर_टाउनशिप | मंगळवार, दुपारी १२.१०

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मला खांद्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे, हाड थोडे तासून स्नायूला जागा करून देणार आहेत. खांद्यालाही हेच लागू होते का?

मुंबई_नाका | मंगळवार, दुपारी १२.४०

त्या विशिष्ट शस्त्रक्रियेची चाचणी ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर झाली आणि २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. हाड तासलेल्यांत आणि नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्यांत फरक निघाला नाही. स्नायूबंध पूर्ण तुटला असेल तर मात्र तो प्रश्न वेगळा आहे. कृपया आपण स्वतंत्र धागा काढावा, येथे आईंच्या निर्णयाला एकच दिवस उरला आहे.

मखमलाबादकर | मंगळवार, सायंकाळी ६.३०

अहवालातील वाक्य लिहितो: 'मेडियल मेनिस्कसच्या पोस्टेरियर रूटचा पूर्ण टेअर, गादी सुमारे ४ मिलिमीटर बाहेर सरकलेली, कूर्चा बहुतांशी सुस्थितीत.'

आणखी एक गोष्ट. फिजिओताईंनी विचारले होते म्हणून आज आईला प्रथमच नीट विचारले. तीन महिन्यांपूर्वी ती स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा निवडत होती. उठताना गुडघ्याच्या मागच्या बाजूला 'कट्' असा आवाज आला, आणि हातातील परात तिने तशीच जमिनीवर ठेवून ओट्याला धरले. त्यानंतर आठ दिवस तिला पाय टेकवत नव्हता. तेव्हा घरात द्राक्षांच्या छाटणीची घाई होती, म्हणून ती कोणाला बोलली नाही. डॉक्टरांनी कधीपासून दुखते असे विचारले, तेव्हा 'बरेच दिवस झाले' हे उत्तर मीच देऊन टाकले होते. याचे मला फार वाईट वाटत आहे.

फिजिओ_इंदिरानगर | मंगळवार, सायंकाळी ७.००

वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक घरांत असेच होते. मात्र ही माहिती सगळ्या चर्चेची दिशा बदलते. मेडियल मेनिस्कस म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूची गादी आणि पोस्टेरियर रूट म्हणजे तिचे मागचे मूळ, ती नडगीच्या हाडाला जेथे रुजलेली असते ती जागा. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांमध्ये जमिनीवरून किंवा उकिडव्या स्थितीतून उठताना असा आवाज होऊन मूळ सुटणे, हे या दुखापतीचे अगदी ओळखीचे लक्षण आहे.

निफाडची_लेक | मंगळवार, सायंकाळी ७.२५

माझ्या आत्याबाईंना हेच झाले होते. तेव्हा एका डॉक्टरांनी आमच्या बागेच्या भाषेत समजावले होते ते सांगते. द्राक्षाच्या मांडवाची तार दोन्ही टोकांना ताणून बांधलेली असते, म्हणूनच ती घडांचे वजन पेलते. एका टोकाचा ताण सुटला की तार मध्ये कोठेही तुटलेली नसतानाही मांडव खाली बसतो. गादीचे मूळ सुटले की गादी तशीच बाहेरच्या बाजूला सरकते आणि वजन थेट हाडांवर येते. आपल्या अहवालातील ४ मिलिमीटर म्हणजे तेच सरकणे.

मुंबई_नाका | मंगळवार, रात्री ८.१०

मी घाईने नकार कळवा म्हटले होते, ते मागे घेतो. २००८ साली अलेर आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर मोजमाप केले होते. मागचे मूळ सुटल्यावर सांध्यावरील सर्वोच्च दाब सुमारे २५ टक्क्यांनी वाढला, तो संपूर्ण गादी काढून टाकल्यावर येतो तेवढाच होता, आणि मूळ पुन्हा बसवल्यावर पूर्ववत झाला. त्यामुळे 'दुर्बीण हवी की नको' यापेक्षा दुर्बिणीतून आत गेल्यावर नेमके काय करणार, हा प्रश्न आईंच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. सुटलेल्या मुळाची गादी कापून टाकली तर दाब कमी होत नाही. मूळ हाडाला पुन्हा बांधले तर होऊ शकतो. तरीही एक गोष्ट आग्रहाने नोंदवतो: मूळ बांधण्याच्या बाजूने जे पुरावे आहेत ते मुख्यतः पूर्वी झालेल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेले आहेत, फिनलंडसारख्या देखाव्याच्या शस्त्रक्रियेशी केलेल्या तुलनेवर नव्हेत.

सातपूर_कबड्डी | मंगळवार, रात्री ८.३०

माझ्या टाक्यांबद्दल मी हेच म्हणत होतो.

मुंबई_नाका | मंगळवार, रात्री ८.३६

आपण डॉक्टरांवर विश्वास ठेवून होकार द्या म्हणत होता. त्या होकारात कापणे होते की बांधणे, हे आपल्यालाही माहीत नव्हते आणि मलाही.

दिंडोरी_रोड | मंगळवार, रात्री ९.००

मखमलाबादकर, पूर्वमंजुरीच्या कागदावर शस्त्रक्रियेचे नाव काय लिहिले आहे ते आताच पाहा. 'मेनिसेक्टॉमी' म्हणजे गादीचा भाग काढणे, 'रूट रिपेअर' म्हणजे मूळ बांधणे.

मखमलाबादकर | मंगळवार, रात्री ९.१०

'आर्थ्रोस्कोपिक पार्शल मेडियल मेनिसेक्टॉमी' असे लिहिले आहे.

फिजिओ_इंदिरानगर | मंगळवार, रात्री ९.४०

मग उद्या होकार किंवा नकार कळवण्याऐवजी एमआरआयची सीडी घेऊन शल्यचिकित्सकांना प्रत्यक्ष भेटा. आवाज झाल्याची गोष्ट आईंनाच सांगू द्या. मूळ बांधता येईल का, हे विचारा. नसेल तर का नाही, तेही विचारा. सांधा आधीच बराच झिजलेला असेल किंवा पाय बाहेरच्या बाजूला अधिक वाकलेला असेल, तर बांधलेले मूळ टिकत नाही, म्हणून दोन्ही पायांवर वजन टाकून उभ्याने काढलेला एक्स-रे आवश्यक आहे. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यातील खरी जागा दिसत नाही.

बांधायचे ठरले तर 'आठवडाभरात चालणे' विसरा. नडगीच्या हाडातून बारीक बोगदा पाडून गादीचे टाके त्यातून खाली ओढतात आणि हाडाच्या बाहेर बटणासारख्या तुकड्यावर बांधतात. ते रुजेपर्यंत साधारण सहा आठवडे पायावर पूर्ण वजन देता येत नाही, आणि उकिडवे किंवा मांडी घालून बसणे कित्येक महिने बंद राहते. इतके करूनही काहींचे मूळ अर्धवटच रुजते. आईंना हे सर्व आधी सांगा, कारण सहा आठवडे त्यांना काढायचे आहेत.

मखमलाबादकर | बुधवार, रात्री ८.५०

आज आईला घेऊन भेटून आलो. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सीडी पुन्हा पाहिली. उभ्याने एक्स-रे काढला, सांध्यातील जागा चांगली आहे, पाय किंचितच वाकलेला आहे. मूळ बांधता येण्यासारखे आहे, असे त्यांनी मान्य केले. आधी ते का सुचवले नाही, यावर 'या वयात लोक सहा आठवडे पाय उचलून धरत नाहीत' असे उत्तर मिळाले. ते उत्तर मला पटले नाही, कारण आईला तसे कोणी विचारलेच नव्हते. शुक्रवारची तारीख रद्द केली आहे. या प्रकारच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञांची सोमवारची वेळ घेतली आहे. विम्याची मंजुरी नव्याने घ्यावी लागेल.

आईने एकच विचारले, की सहा आठवडे शौचालयात कसे बसायचे. आमच्याकडे भारतीय पद्धतीचे शौचालय आहे आणि घर दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नाही.

निफाडची_लेक | बुधवार, रात्री ९.१५

आत्याबाईंची कमोड खुर्ची आणि वॉकर आमच्याकडे तसेच पडून आहेत. रविवारी मी पंचवटीत भाजी घेऊन येणार आहे, तेव्हा दोन्ही आणून देते. खुर्चीच्या पायांची रबरी टोपणे मात्र नवीन घ्या, जुनी गुळगुळीत झाली आहेत आणि ओल्या फरशीवर सरकतात.

फिजिओ_इंदिरानगर | बुधवार, रात्री ९.३०

वॉकर आला की शस्त्रक्रियेची वाट न पाहता त्याच दिवसापासून सराव सुरू करा. उजवा पाय उचलून, हातांवर भार देऊन खोलीत दहा फेऱ्या. मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरण्याचा व्यायामही आजपासूनच करता येईल. बांधायचे ठरले तरी तो उपयोगी पडेल आणि नाही ठरले तरी पडेल.

मखमलाबादकर | रविवार, सायंकाळी ७.४०

ताई, वॉकर आणि खुर्ची मिळाली, मनापासून आभार. आईने आज चार फेऱ्या मारल्या. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर वॉकरचे पुढचे पाय अडतात, म्हणून उद्या सकाळी सुताराला बोलावले आहे.