मदत हवी आहे : लहान मुलांच्या जीवरक्षक उपचारांचा सराव आरोग्य केंद्रातच कसा करावा?

नमस्कार. मी धारणी तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. रात्री मी, एक सिस्टर आणि एक परिचर एवढेच असतो.

गेल्या श्रावणात तापात झटके येणारी तीन वर्षांची मुलगी आणली गेली. डायझेपाम दिल्यावर झटके थांबले, पण श्वासही मंदावला. लेबर रूममधील अँबू बॅग (मास्कमधून हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणली, तर ती नवजात बाळाची. मोठ्यांच्या बॅगचा मास्क मुलीच्या डोळ्यांवर येत होता. शेवटी मोठी बॅग आणि त्यातल्या त्यात बसणारा मास्क जुळवून, छाती जेमतेम उचलेल इतकेच दाबत श्वास दिला. मुलगी वाचली. मुलांची बॅग दुसऱ्या दिवशी भांडारात न उघडलेल्या खोक्यात सापडली. नोंदवहीत ती अर्थातच 'उपलब्ध' होती.

नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण आम्हा सर्वांचे झाले आहे, त्यामुळे न रडणाऱ्या बाळाला श्वास देताना हात कचरत नाहीत; त्याहून मोठे मूल आले की मात्र तिघेही एकमेकांकडे पाहतो. पॅल्सचा, म्हणजे मुलांच्या प्रगत जीवरक्षणाचा, कोर्स करायचा तर नागपूर गाठावे लागते, प्रमाणपत्र 2 वर्षांचे असते, आणि आमच्याकडे ना मॉनिटर ना शॉक देण्याचे यंत्र. अशा केंद्राने आधी पॅल्स करावे की बेसिक, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाचा कोर्स? सिस्टर आणि मी एकाच वेळी गेलो तर केंद्र कोण सांभाळणार? आणि परिचराला बॅग दाबायला शिकवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद

डॉक्टर, मी वर्धा जिल्ह्यात बालरोग विभागात काम करतो. आधी बेसिकच करा. मुलांचे हृदय बहुधा एकाएकी थांबत नाही. आधी श्वास किंवा रक्ताभिसरण ढासळते, त्यामुळे यंत्र नसलेल्या केंद्रातही वेळेवर दिलेला श्वासच बहुतेक वेळा उपयोगी पडतो.

नाडी लागत असून श्वास अपुरा असेल, तर दर 2 ते 3 सेकंदांनी एक श्वास द्यावा. तरीही नाडी मिनिटाला 60 च्या खाली राहिली आणि हातपाय गार, फिकट दिसले, तर छाती दाबायला सुरुवात करावी : वेग मिनिटाला 100 ते 120, खोली छातीच्या जाडीच्या एक-तृतीयांश, दोघे असल्यास 15 दाबांना 2 श्वास, एकटे असल्यास 30 ला 2. तुमच्या सिस्टरांच्या हातात नवजात बाळाचे 3 ला 1 हे प्रमाण बसलेले असणार, आणि चूक नेमकी तिथेच होते. हृदय थांबलेल्या मुलासाठी अॅड्रेनालिनची 1 मिलिग्रॅमची, 1 मिलीची अम्प्युल 9 मिली सलाइनमध्ये मिसळून किलोमागे 0.1 मिली शिरेतून द्यायचे असते; 5, 10, 15 आणि 20 किलोंचे हिशेब आजच भिंतीवर लावा, कारण रात्री दोन वाजता दशांश चिन्ह हमखास सरकते.

कोर्सला एकेकट्याने जावे, आणि परतलेल्याने पाळी बदलताना दहा मिनिटे सरावाच्या पुतळ्यावर इतरांकडून सराव करून घ्यावा. परिचराला जरूर शिकवा. एका हाताने मास्क घट्ट धरणे भल्याभल्यांना जमत नाही. सिस्टरने तो दोन्ही हातांनी धरावा, परिचराने छाती उचलेल इतकीच बॅग दाबावी. मुलांची बॅग मात्र खोक्यातून काढून ट्रॉलीलाच टांगा.