अनुभव धागा : सोमालियातला दुष्काळ आणि तिथली मुलं

सोमालियात काम करून आलेली मराठी माणसं वाटतात त्यापेक्षा बरीच आहेत. कुणी लष्करातून गेलं, कुणी वैद्यकीय संस्थेतून, कुणी नैरोबीत बसून तिथल्या मदतीचे हिशेब सांभाळले. गेल्या वर्षभरात अशा काहींशी बोलणं झालं, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट आलीच. औषध असतं, अन्नही बंदरात येऊन पडलेलं असतं, पण ते आणि मूल यांची गाठ पडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. या मधल्या वेळात नेमकं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहावं, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. 1991 मध्ये हुकूमशहा सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि देशात सरकार असं उरलं नाही. आत्ताचं संघराज्य सरकार 2012 चं, आणि दक्षिणेत लढाई अजून धुमसतेच आहे. 2010 ते 2012 च्या दुष्काळात सुमारे 2 लाख 60 हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. 2020 च्या अखेरीपासून ओळीनं पाच पावसाळे कोरडे गेले. एकट्या 2022 मध्ये त्यापायी 43 हजार जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, आणि त्यातही निम्मी लहान मुलंच.

रुग्णांची, सहकाऱ्यांची आणि संस्थांची नावं कृपया लिहू नका. बाकी मोकळेपणानं लिहा.

परिचारिका, मूळ सांगली. 2022 मध्ये बायडोआ (दक्षिण सोमालियातलं गाव)

मी तीव्र कुपोषित मुलांच्या वॉर्डात होते. गावाभोवती विस्थापितांच्या शेकडो वस्त्या होत्या. काटक्यांच्या कमानी आणि त्यावर कापड, पोती, प्लास्टिक, जे मिळेल ते. आया कित्येक दिवस चालत किंवा गाढवगाडीवरून आलेल्या असत.

मूल रडत आलं की आम्हाला हायसं वाटायचं. जे रडत नाही त्याच्याकडे आधी धाव घ्यायची. अंग गार, साखर उतरलेली. पहिलं काम साखरपाणी, मग आईच्या उघड्या छातीशी बाळ धरायचं आणि वरून ब्लँकेट. दिवसा तिथं ऊन भाजून काढतं, पण अशा मुलाच्या अंगात ऊब धरून ठेवायला काही उरलेलंच नसतं. पहाटे ते गार पडतं.

नंतर एफ-75 नावाचं दूध. 100 मिलीमध्ये 75 कॅलरी, मुद्दाम हलकं केलेलं. दर दोन-तीन तासांनी द्यायचं, रात्रीसुद्धा. कपानं, आणि गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीनं. आयांना हे पटायचं नाही. इतके महिने पोर उपाशी, आता समोर अन्न आहे आणि ही बाई सिरिंजनं मोजून पाजतेय! पण उपाशी शरीरानं हृदय, मूत्रपिंड, आतडी सगळ्यांचं काम आवरतं घेतलेलं असतं. एकदम पोटभर दिलं किंवा सलाइन भराभर सोडलं तर हृदयाला ते झेपत नाही आणि हाताशी आलेलं मूल जातं.

पायावर सूज असलेल्या मुलांचं आणखी एक. उपचार सुरू झाले की त्यांचं वजन आधी उतरतं, कारण सुजेचं पाणी निघून जातं. आईला काट्यावर तेवढंच दिसतं आणि ती घाबरते. आमची एक सोमाली सहकारी स्वतः विस्थापित वस्तीत राहायची. ती आईलाच बाळाच्या पावलावर अंगठा तीन सेकंद दाबून धरायला सांगायची. काल खोल खड्डा पडत होता, आज कमी. आईच्या बोटाला ते कळलं की ती वॉर्डात थांबायची. मी दुभाष्याकरवी कितीही समजावलं असतं तरी तेवढं झालं नसतं. ही मुलं फार चिडचिडी असतात, तोंड फिरवून पडून राहतात. ती हसली की आम्ही चार्टवर लिहायचो, कारण ते बरं होण्याचं खरोखरचं लक्षण आहे. मग शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं सुरू.

एक आई बाळ सुधारत असताना निघाली. कारण विचारलं तर वस्तीत तिची आणखी मुलं होती आणि त्यांना सात वर्षांची मुलगी सांभाळत होती. शिवाय दुसऱ्या दिवशी शिधावाटपाची नोंदणी होती. ती हजर राहिली नाही तर सगळ्या घराचं नाव यादीतून जाणार होतं. आम्ही पाकिटं बांधून दिली. पुढच्या आठवड्यात ती बाह्यरुग्ण केंद्रावर आली, बाळाचं वजन वाढलेलं होतं. अशा गेलेल्या सगळ्याच आया परत आल्या नाहीत. वॉर्ड चालवणारे आणि शिधा वाटणारे रोज संध्याकाळी एकमेकांशी बोलले तरी यातली काही मुलं वाचतील, असं माझं ठाम मत आहे.

बालरोगतज्ज्ञ, नंदुरबार

आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रातसुद्धा आई याच कारणानं निघून जाते. घरी बाकीची मुलं आणि रोजची मजुरी. बुडीत मजुरी देण्याची सोय झाली तेव्हा आया थोड्या टिकू लागल्या, पण ती वेळेवर हातात पडली पाहिजे. तुमच्याकडे आईला काही मिळायचं का?

परिचारिका, सांगली

तिचं स्वतःचं जेवण मिळायचं. सोबत एक अंगावर पिणारं मूल आणायची मुभा होती. पैसे नाहीत.

निवृत्त सैनिक, सातारा जिल्हा. 1993-94 बायडोआ

भारतीय ब्रिगेड बायडोआत होती तेव्हा मी तिच्यात होतो. आदल्या वर्षी जगानं या गावाला मृत्यूचं शहर म्हटलं होतं. आम्ही पोचलो तोवर उपासमारीचा जोर ओसरला होता.

हा मुलूख ज्वारीचा. माणदेशातल्या माणसाला ते शिवार परकं वाटत नाही. धान्यसुद्धा आपल्यासारखं जमिनीतल्या पेवात साठवतात. बर्रेच्या माघार घेणाऱ्या फौजेनं हीच पेवं फोडून लुटली, गुरं नेली, मारली. पाऊस त्याच सुमाराला गेला. एका म्हाताऱ्यानं मला त्याचं रिकामं पेव दाखवलं. आत वाकून बघितलं तर तळाशी नुसता भुसा आणि कुबट वास. पाऊस एखादं वर्ष चुकला तर यातलं धान्य घराला तारून नेतं, असं त्यानं दुभाष्याला सांगितलं. त्या वर्षी ते बंदुकीनं नेलं होतं. ते घर दुष्काळाआधीच उपाशी झालं होतं.

72 साली मी लहान होतो. गावात सुकडी वाटायचे, आई-वडील खडी फोडायला जायचे. हाल झाले, पण तालुक्याहून धान्य येण्याच्या वाटेवर बंदूक घेऊन कुणी उभं नव्हतं. तिथं आमचं निम्मं काम धान्याच्या ट्रकांच्या पुढेमागे राहण्याचं होतं. ट्रक पोचला की त्या दिवसाचं आमचं काम झालं. मुलांपर्यंत तो शिधा किती गेला हे आम्हाला कधी कळायचं नाही, आणि ते अजून टोचतं.

पोषण सर्वेक्षण, पुणे. 2011 मध्ये दादाब

दादाब केनियात, सोमालियाच्या सीमेजवळ. 1991-92 मध्ये 90 हजार माणसांसाठी उभारलेल्या छावण्यांत 2011 साली चार लाखांहून जास्त माणसं होती. नव्यानं आलेल्यांना आत जागा नव्हती, ती कुंपणाबाहेर राहायची.

माझं काम दंडघेर मोजायचं. आपल्या अंगणवाडीत असते तीच रंगीत पट्टी. 11.5 सेंटिमीटरच्या आत आलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. उंची मोजायला दोन माणसं लागतात, एक डोकं धरायला आणि एक पाय सरळ करायला. जन्मतारीख कुणाकडे नसते. मग स्थानिक घटनांची यादी घेऊन विचारायचं, अमक्या पुराच्या आधी की नंतर, अमक्या रमजानला चालत होतं का. आया आठवून आठवून अगदी अचूक सांगायच्या.

महादुष्काळ जाहीर करायला निकष लागतात. 20 टक्के घरांत अन्नाची टोकाची टंचाई, 30 टक्के मुलं कुपोषित, आणि दिवसाला दर 10 हजारांमागे दोन मृत्यू. तिसरा निकष वाचताना माझा हात थांबतो. तो पुरा होण्यासाठी माणसं आधी मरावी लागतात. 20 जुलै 2011 ला दक्षिण बकूल आणि लोअर शबेले या भागांत महादुष्काळ जाहीर झाला, त्यानंतर पैसा ओतला गेला. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की जवळपास निम्मे मृत्यू जाहीर होण्याआधीच झाले होते. पाऊस जाणार हे 2010 च्या अखेरीसच सांगितलं गेलं होतं. 2017 मध्ये पैसा आधी आला आणि तेवढी मोठी वेळ टळली. मोजणं मला प्रिय आहे, पण मोजणी पुरी होईस्तोवर हात बांधून बसणं मला मान्य नाही.

आता आयांच्याच हातात दंडघेराची पट्टी देतात आणि लाल दिसलं की केंद्रावर या म्हणतात. हे फार आधी व्हायला हवं होतं.

डॉक्टर, ठाणे. लसीकरण

कुपोषित मुलाचा जीव बहुधा गोवर, जुलाब किंवा न्यूमोनिया घेतो. दाटीच्या वस्तीत गोवर शिरला की आठवड्याभरात रांग लागते. म्हणून अशा संकटात गोवराची लस नऊ महिन्यांची वाट न बघता सहाव्या महिन्यापासून देतात, सोबत अ जीवनसत्त्व. लस 2 ते 8 अंशांत ठेवायची, आणि कुपी एकदा मिसळली की सहा तासांत संपवायची किंवा टाकायची. वाटेतल्या नाक्यावर गाडी अडली की त्या दिवशीची वस्ती हुकते. 2017 मध्ये कॉलराचे 75 हजारांवर रुग्ण झाले. तिथं ओआरएस आणि क्लोरीन घातलेलं पाणी यांनी जितके जीव वाचवले तितके आमच्या मोठ्या औषधांनी नाहीत.

अली माव मालीनबद्दल इथं लिहायलाच हवं. देवीची जगातली शेवटची नैसर्गिक लागण 1977 मध्ये सोमालियातल्या मर्का गावी त्याला झाली. तो रुग्णालयात स्वयंपाकी होता. बरा झाल्यावर पुढे तो पोलिओच्या लसीकरणात उतरला, घरोघर जाऊन आयबापांना स्वतःची गोष्ट सांगायचा. 2013 मध्ये पोलिओ परत आला तेव्हा तो पुन्हा कामाला लागला आणि त्याच मोहिमेत असताना गेला. त्याच्या गावचे लोक त्याचं नाव अभिमानानं घेतात. आपल्याकडच्या आशाताईंना ही गोष्ट सांगितली तर त्यांना ती परकी वाटणार नाही.

पुरवठा आणि रोख मदत, नैरोबी. मूळ नागपूर

शेंगदाण्याच्या पेस्टचं एक पाकीट 92 ग्रॅमचं, 500 कॅलरींचं. खोक्यात 150 पाकिटं, आणि एका तीव्र कुपोषित मुलाला बरं व्हायला ढोबळमानानं एक खोका लागतो. त्यामुळे गोदामातले खोके मी मुलं म्हणूनच मोजायचो. काही पाकिटं बाजारात दिसायची. त्यावरून कुणी आयांना नावं ठेवली की मला राग यायचा. घरात पाच जण उपाशी असताना एकाच्याच नावाचं अन्न आलं तर ते वाटलं जाणार किंवा विकून ज्वारी येणार. म्हणून आजारी मुलाच्या पाकिटांबरोबर घराला रोख रक्कम द्यायलाच हवी. सोमालियात बँका नव्हत्या तेव्हाही हवाला चालायचा, आणि आता गावोगाव मोबाइलवर पैसे जातात. दुकानदार धान्य आणतोच, घेणाऱ्याच्या हातात पैसा नसतो. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धानं गहू महागला तेव्हा तीच रक्कम निम्म्या पिशवीला पुरेना, आणि ती वाढवून घ्यायला आम्हाला जो वेळ लागला तो अक्षम्य होता.

एक वाचक, डोंबिवली

सगळं वाचून सुन्न झाले. आमच्या महिला मंडळाला काही पाठवायचं आहे. कपडे, बाळांसाठी दुधाची पावडर असं गोळा करू का?

परिचारिका, सांगली

ताई, मनापासून सांगते, दुधाची पावडर अजिबात पाठवू नका. तिथं स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला सरपण नाही. अंगावरचं दूध सुटतं आणि बाळाला जुलाब लागतात. आईला खायला-प्यायला मिळालं तर तिला दूध येतं, म्हणून आईचं पोट भरणाऱ्या कामाला पैसे द्या. कपड्यांच्या गाठोड्यांना जहाजभाडं त्यांच्या किमतीहून जास्त पडतं. तिथं आधीपासून काम करणारी संस्था निवडा आणि रक्कम कुठल्याही एका वस्तूला बांधून देऊ नका. वॉर्डात कधी पाकिटं असतात आणि जनरेटरला डिझेल नसतं, कधी नेमकं उलटं. मंडळातल्या कुणाला बोलायचं असेल तर मला इथं व्यक्तिगत निरोप करा, मी संध्याकाळी मोकळी असते.