बटणांचा फोन व्यवस्थित चालू असताना स्मार्टफोन घ्यावा का?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात मी फिटर होतो आणि निवृत्तीनंतर गावी ऊस व भुईमुगाची घरची शेती पाहतो. वय अडुसष्ट आहे. माझ्याजवळ बटणांचा साधा फोन असून त्याची बॅटरी आजही तीन-चार दिवस टिकते, उसाच्या सरीतल्या पाण्यात पडूनही तो बंद पडलेला नाही, आणि तोडणीच्या हंगामात चिटबॉयचा (कारखान्याच्या तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याचा) किंवा ट्रॅक्टरवाल्याचा फोन घेण्यापलीकडे मला त्याच्याकडून आजवर काही लागलेले नाही.

मात्र अलीकडे ज्याच्याकडे जावे तो मोबाईलवरून करा असेच सांगतो. सातबाऱ्यावर पीक लावायचे तर ई-पीक पाहणीचे ॲप हवे, पेन्शनसाठी हयातीचा दाखला चेहरा दाखवून देता येतो असे कळते, आणि बियाण्याच्या दुकानात रोख पैसे काढले की सुट्ट्यांवरून कुरकुर होते. शिवाय मुलगी बंगळुरूला असते. नातीला पाहायचे तर शेजारच्या मुलाचा फोन मागावा लागतो, आणि परक्याच्या फोनवर पाच मिनिटांच्या वर बोलायला संकोच वाटतो.

मुलगा म्हणतो, नवा घेऊ नका, माझा सात-आठ वर्षांपूर्वीचा फोन पडून आहे तो वापरा. मला खर्चापेक्षा फसवणुकीची भीती अधिक आहे, कारण पेन्शन आणि उसाचे बिल एकाच खात्यात जमा होते. या परिस्थितीत काय करावे, हे कृपया कारणांसह सांगावे. मी हे वाचनालयातील संगणकावरून लिहीत असल्याने उत्तरास उशीर होईल.

निवृत्त लेखापाल, ठाणे

आपला साधा फोन सोडू नका, पण स्मार्टफोनही घ्या, असे मी सुचवीन. ज्या क्रमांकावर बँकेचे ओटीपी येतात ते सिम बटणांच्या फोनमध्येच राहू द्यावे आणि स्मार्टफोनमध्ये नवे सिम घालावे. सध्या लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती असल्याचे भासवून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, पाठवतात. ती उघडून परवानग्या दिल्या की फोनमध्ये येणारे एसएमएस परस्पर चोराकडे जाऊ लागतात. ओटीपी त्या फोनवर येतच नसतील, तर निदान ही वाट बंद होते.

दोन सिमचा खर्च होईल हे खरे. परंतु ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) २३ डिसेंबर २०२४ रोजी नियमांत दुरुस्ती करून कंपन्यांना केवळ बोलणे व एसएमएस यांसाठीचे वेगळे रिचार्ज देणे बंधनकारक केले असून त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. साध्या फोनच्या सिमला इंटरनेटचे पैसे भरत बसण्याचे कारण उरलेले नाही. दुकानदार हे रिचार्ज आपण होऊन सांगत नाहीत, मागून घ्यावे लागते.

सेवा केंद्र चालक

काका, मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो आणि आपण लिहिलेली बहुतेक कामे रोज करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पिकाचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो, कारण ॲप त्या जागेचे अक्षांश-रेखांश पाहते. त्यामुळे हे काम आमच्या केंद्रात बसून होत नाही आणि त्याला स्मार्टफोन हवाच. पण तो खातेदाराचा स्वतःचा असावा असे बंधन नाही. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, आणि मुदतीत राहून गेलेल्या क्षेत्रासाठी गावात सहायक नेमलेले असतात, ज्यांची माहिती तलाठ्याकडे मिळते (त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात मात्र तलाठीच म्हणतात). हंगामातून एकदा येणाऱ्या या कामासाठी बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला अर्धा तास थांबवून घेणे पुरेसे आहे.

हयातीच्या दाखल्याचेही तसेच आहे. आपली पेन्शन ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून मिळणारी, असेल, तर नोव्हेंबरमध्ये रांगेत उभे राहण्याची गरज नाही. दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि त्या दिवसापासून वर्षभर चालतो. कारखान्यात हातोडा-पाना चालवलेल्या माणसांच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजलेल्या असतात की आमचे यंत्र पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवते. अशांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेली चेहरा ओळखण्याची सोय खरोखर उपयोगी पडली आहे. मात्र ती आमच्या किंवा मुलाच्या फोनवरूनही होते, आणि पोस्टमनही घरी येऊन दाखला काढून देतो. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी दहा-बारा हजारांचा फोन घेणे मला पटत नाही.

आता पैसे देण्याविषयी. वर ठाण्याच्या काकांनी सुचवलेली व्यवस्था चांगली आहे, पण तिचा एक परिणाम आधी ध्यानात घ्यावा. यूपीआयचे ॲप सुरू करताना ते त्याच हँडसेटमधील सिमवरून एसएमएस पाठवून खात्री करून घेते. खात्याला जोडलेले सिम बटणांच्या फोनमध्ये आणि ॲप स्मार्टफोनमध्ये, अशी स्थिती असली की नोंदणी होत नाही. म्हणजे स्मार्टफोन घेऊनही पेन्शनच्या खात्यातून यूपीआय चालणार नाही. आपल्याला तेच हवे असेल तर उत्तमच.

साध्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी यूपीआय १२३पे सुरू केले आहे. त्यात ठरावीक क्रमांकावर फोन लावून बटणे दाबत किंवा मिस्ड कॉल देऊन व्यवहार करता येतो, आणि एका व्यवहाराची मर्यादा पाच हजारांवरून दहा हजार रुपये करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. स्टार ९९ हॅश ही त्याआधीची सोयही इंटरनेटशिवाय चालते. अडचण एवढीच की दुकानात लावलेला क्यूआर साध्या फोनने वाचता येत नाही. दुकानदाराचा मोबाईल क्रमांक घालून, सूचना ऐकत, पिन दाबेपर्यंत मागची रांग चुळबुळ करू लागते. बहिणीला किंवा ट्रॅक्टरवाल्याला घरबसल्या पैसे पाठवायला ही सोय ठीक, खताच्या दुकानात नाही.

माझे मत असे आहे की, स्मार्टफोन घ्यायचाच ठरला तर दुसऱ्या बँकेत एक छोटे बचत खाते उघडावे, त्याला नवा क्रमांक जोडावा, त्यात चार-पाच हजारच ठेवावेत आणि यूपीआय त्या खात्यावर चालवावे. पेन्शन व उसाच्या बिलाचे खाते जुन्या क्रमांकावर, जुन्या फोनमध्ये, आहे तसे राहील. काही विपरीत घडलेच तर नुकसान त्या चार-पाच हजारांपुरते मर्यादित राहते, आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते. कोणता फोन घ्यावा याच्या आधी कोणते खाते कोणत्या सिमवर ठेवायचे हे ठरवा, म्हणजे बाकीचे सोपे होईल.

मोबाईल दुरुस्ती, कराड

मुलाचा जुना फोन घेऊ नये. व्हॉट्सॲपला ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, म्हणून त्या वयाच्या फोनवर ते आज चालेलही. पण त्याला कंपनीकडून सुरक्षा अपडेट येणे केव्हाच थांबलेले असणार, आणि ज्याला फसवणुकीची भीती वाटते त्याच्याच हाती असा फोन देणे बरोबर नाही. बराच काळ पडून राहिलेल्या फोनची बॅटरीही फुगलेली असू शकते. फोन सपाट टेबलावर पाठीवर ठेवून बोटाने हलकेच फिरवून पाहा. भोवऱ्यासारखा गरगरला तर मागची बाजू फुगलेली आहे असे समजावे आणि तो चार्जिंगला लावू नये.

नवा घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलकडे लक्ष देऊ नका, दुकानदार त्याच आकड्यांवर माल खपवतात. स्टोरेज १२८ जीबीपेक्षा कमी नसावे, कारण नातेवाईकांच्या सुप्रभाताच्या चित्रांनी ६४ जीबीचा फोन वर्षभरात तुंबतो आणि मग तो आमच्याकडे येतो. कंपनी किती वर्षे अपडेट देणार हे विचारून घ्या. सॅमसंगने गॅलॅक्सी ए१६सारख्या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचे आश्वासन दिले आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. वापरलेला फोन घेणार असाल तर स्टार हॅश ०६ हॅश दाबून मिळणारा पंधरा अंकी क्रमांक, त्याच्या आधी इंग्रजीत केवायएम लिहून, १४४२२ वर एसएमएस करावा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तसे उत्तर येते.

साध्या फोनबद्दलही सांगतो. तो फक्त टूजी असेल तर जिओचे सिम त्यात चालणार नाही, कारण त्या कंपनीचे टूजी जाळेच नाही. पोर्ट करण्याच्या ऑफरला भुलून सिम बदललेले कितीतरी लोक फोन बिघडला म्हणून माझ्याकडे येतात.

बार्शीची लेक

वरील सर्वांनी कामांचा हिशोब चांगला मांडला आहे, परंतु काकांनी नातीविषयी लिहिलेल्या गोष्टीकडे कोणीच वळलेले दिसत नाही. पीक पाहणी शेजाऱ्याच्या फोनवर होईल, दाखला पोस्टमन देईल, पैसे रोख देता येतील. नातीशी बोलणे मात्र दुसऱ्या कोणाकडून करून घेता येत नाही. फोन घेण्यास तेवढे एक कारण पुरेसे आहे, त्याला सरकारी कामांचा आधार कशाला शोधायचा?

माझ्या सासूबाईंना आम्ही स्मार्टफोन दिला तेव्हा अडचण भलतीकडेच आली. शेतात राबलेल्या, भेगाळलेल्या कोरड्या बोटांना काचेचा पडदा नीट दाद देत नाही. त्या बोट दाबून धरत, आणि मग भलतेच काहीतरी उघडे. आलेला फोन उचलायला हिरवी खूण सरकवावी लागते, हे त्यांना मुळीच जमत नव्हते. हाताला थोडे खोबरेल लावून पुसले की बोट लागते, हे त्यांनीच शोधून काढले. काही फोनमध्ये आवाजाच्या बटणाने कॉल उचलण्याची आणि बाजूच्या बटणाने तो बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती चालू करून द्यावी, अक्षरे मोठी करावीत, आणि पहिल्या पडद्यावर मुलीच्या नावाचे एकच चिन्ह ठेवून बाकी सगळे काढून टाकावे. मराठीत बोलून मजकूर लिहिता येतो, हे कळल्यावर त्या आता मैत्रिणींना निरोप पाठवतात, तेही विरामचिन्हांशिवाय एका दमात.

ठाण्याच्या काकांच्या म्हणण्यात एक भर घालते. साधा फोन म्हणजे सुरक्षित, हे अर्धेच खरे आहे. बँकेतून बोलतो असे सांगून ओटीपी तोंडी विचारणाऱ्याला बटणांचा फोन काय करणार? स्टारने सुरू होणारा एखादा क्रमांक दाबायला लावून आपले कॉल परस्पर वळवून घेण्याचा प्रकार तर साध्या फोनवरही चालत असे. म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून त्या पद्धतीने कॉल वळवण्याची सोय बंद करायला सांगितले. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे दोन्ही फोनांच्या बाबतीत सारखेच पाळावे लागेल.

वारणाकाठ

सर्वांचे आभार. बटणांचा फोन व त्यातील सिम आहे तसे ठेवून, त्या क्रमांकावर फक्त बोलण्याचा रिचार्ज करून, नव्या सिमसह १२८ जीबीचा नवा स्मार्टफोन घ्यावा, असे मी ठरवले आहे. छोट्या खात्याची कल्पना पटली, परंतु यूपीआय मी एवढ्यात सुरू करणार नाही. दुकानदाराला सुट्टे द्यायला अजून जमते. मुलाला त्याच्या जुन्या फोनविषयी कसे सांगावे हे पाहतो, कारण त्याने तो प्रेमाने देऊ केला होता.

एक शंका उरली आहे. माझ्या फोनमध्ये कारखान्यातील सहकाऱ्यांचे व पाव्हण्यांचे बरेच क्रमांक साठवलेले आहेत. ते नव्या फोनमध्ये एकेक करून लिहावेत की आणखी काही मार्ग आहे?

मोबाईल दुरुस्ती, कराड

एकेक लिहिण्याची गरज नाही. साध्या फोनमधील सगळे क्रमांक प्रथम सिमवर कॉपी करावेत. सिमवर साधारण अडीचशे नावे मावतात आणि लांबलचक नावांची शेपटी कापली जाते, तेवढे नंतर दुरुस्त करावे लागेल. मग ते सिम थोडा वेळ नव्या फोनमध्ये घालून नावे आयात करावीत आणि गूगल खात्यात साठवावीत, म्हणजे पुढे फोन हरवला तरी ती राहतील. काम झाले की सिम परत जुन्या फोनमध्ये. तेवढ्या वेळात कोणतेही बँकेचे ॲप उघडू नये, आणि व्हॉट्सॲप क्रमांक विचारील तेव्हा नवाच द्यावा.

आपले सिम जुन्या मोठ्या आकाराचे असेल तर ते नव्या फोनच्या खाचेत बसणार नाही. ते कात्रीने कापून घेऊ नका, आणि लहान सिम बदलून घेण्याची घाईही करू नका, कारण जुन्या सिमवर साठवलेली नावे नव्या सिमवर येत नाहीत आणि बदलल्यानंतर चोवीस तास एसएमएस बंद राहतात. अशा वेळी दोन्ही फोन घेऊन एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात जावे. आमच्याकडे सिम वाचणारे यंत्र असते, आपल्यासमोर बसूनच काम होते.