वहिनी, तमालपत्र आणि 41,300 रुपये

मिरजेचा_धाकटा:
आमच्या वहिनी घरीच ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. दोन महिन्यांपूर्वी मोबाइलवर 99 रुपयांचा 'समृद्धी वेबिनार' केला. मग 2,999चा तीन दिवसांचा. आता 'गोल्ड' वर्ग: 35,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 41,300. भिशी लागली होती 36,000ची, ती गेली. वरचे पिको-फॉलचे. दादाला अजून पत्ता नाही.

पैसा आपोआप यावा म्हणून इच्छा वहीत सकाळी 3 वेळा, दुपारी 6, रात्री 9 वेळा लिहायची. 1 तारखेला दालचिनीची पूड उंबऱ्यावरून आत फुंकायची. परवा तमालपत्राचा डबा उघडला तर पानापानावर बॉलपेनने '5 लाख'. रोज एक गॅसवर जाळतात. घरभर बिर्याणीचा वास आणि ताटात पिठलं.

इथवर हसून सोडलं असतं. पण पैसे आले नाहीत असं ग्रुपवर लिहिलं की उत्तर ठरलेलं: 'तुमच्या मनात किंतु आहे.' आले तर सरांमुळे, नाही आले तर वहिनींमुळे. त्यावर उपाय? प्लॅटिनम वर्ग! मी तोंड उघडलं की 'भाऊजी, निगेटिव्ह बोलू नका.' भांडण न होता काय करता येईल?

जुनी_टेलिकॉलर:
अशाच एका ठिकाणी सात महिने काढलेत. 'लाइव्ह' म्हणून दाखवायचे ते रेकॉर्डिंग. शेजारी 'मी आत्ताच भरले', 'मी पण' असे मेसेज पडायचे, तेही आधीच लिहून ठेवलेले. 'फक्त 15 मिनिटं' सांगणारं घड्याळ पान रिफ्रेश केलं की पुन्हा पहिल्यापासून. 99 रुपयांत नंबर मिळतो आणि पैसे सोडणारं माणूस कोण ते कळतं. मग आमचा फोन. कुणी 'नवऱ्याला विचारते' म्हणालं की आम्ही म्हणायचं, 'मॅडम, स्वतःवर विश्वास नाही का?' अजून लाज वाटते. वहिनींना समजावत बसू नका, त्यांच्याच हाताने रिफ्रेश करायला लावा.

आशावादी_पुणेकर:
सगळंच थोतांड नाही हो. चांगलं चिंतलं की माणूस कामाला लागतो.

फाटकी_पावती:
@आशावादी, उलटही होतं. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या 2002 च्या अभ्यासात, नोकरीची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्या पदवीधरांनी अर्ज कमी केले, आणि दोन वर्षांनी त्यांचा पगारही कमी होता. यश मिळेल असा अंदाज बांधणाऱ्यांचं मात्र बरं चाललं होतं. दोन्हींत फरक आहे.
@धाकटा, असली खोटी घाई केंद्राच्या 2023 च्या 'डार्क पॅटर्न' (म्हणजे ग्राहकाला गंडवायच्या ऑनलाइन क्लृप्त्या) मार्गदर्शक सूचनांत नावानिशी आहे. पावती, स्क्रीनशॉट जपा. परतावा ईमेलवर मागा, फोनवर नको. फोनवर त्यांचंच राज्य. दाद नाही दिली तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसे मिळतीलच असं नाही, पण प्लॅटिनमचे तरी वाचतील.

मिरजेचा_धाकटा:
काल वहिनी मशीनवर होत्या, मोबाइल पुढे केला. तीनदा रिफ्रेश केलं, तीनदा 15:00. काही बोलल्या नाहीत. दातात धरलेली टाचणी काढून उशीला टोचली आणि हूक लावत बसल्या. रात्री विचारलं, 'भाऊजी, त्या ईमेलमध्ये काय लिहायचं?' पाठवलाय. दादाला तूर्त सांगायचं नाही असं ठरलं होतं. आज मसालेभातात '5 लाख' निघालं, ते नेमकं त्याच्याच ताटात.