'पिंग' हे लघुरूप नाही
'पिंग' (नेटवर्कवरचा दुसरा संगणक उत्तर देतो का, ते तपासणारा प्रोग्रॅम) हे नाव 'पॅकेट इंटरनेट ग्रोपर'चं लघुरूप आहे, असं कुणीतरी लिहिलंय. ते पटत नाही. ते लांबलचक नाव मागाहून चिकटवलेलं आहे. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतल्या माइक मूसने डिसेंबर १९८३ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला आणि सोनारच्या (पाण्याखाली आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्राच्या) आवाजावरून नाव ठेवलं, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय. कामही सोनारचंच की! संदेश सोडायचा आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

त्यानेच सांगितलेला एक किस्सा भारी आहे. एका नेटवर्कवाल्याची जोडणी मधूनमधून तुटायची. पठ्ठ्याने पिंगला आवाज काढणारा प्रोग्रॅम जोडला, तो ऑफिसातल्या स्टिरिओवर फुल्ल केला, आणि संगणक दर सेकंदाला 'पिंग, पिंग' असा ओरडत असताना हा इमारतभर एकेक कनेक्टर हलवत फिरला. ओरडणं थांबलं की दोष सापडला! (हल्ली ऑफिसात 'जरा पिंग कर' म्हणतात ते नुसतं 'मेसेज टाक'च्या जागी. त्यात आवाजाचा काही संबंध उरलेला नाही.)